वाचकांचे प्रश्न : शोध लागतात, मग डळमळतात का?

प्रश्न : शुक्रावर जीवसृष्टीची संभाव्य खूण सापडल्याचे २०२० मध्ये वाचले होते आणि लगेचच त्यावर शंकाही घेतल्या गेल्या. मग अशा बातम्यांवर विश्वास ठेवावा तरी कसा?

उत्तर : शुक्राच्या ढगांत फॉस्फिन हा वायू (पृथ्वीवर त्याचा संबंध बहुधा सूक्ष्मजीवांशी जोडला जातो) अब्ज भागांत सुमारे २० भाग असल्याचा तो दावा होता, परंतु दुर्बिणीच्या नोंदी नव्याने तपासल्यावर खुद्द संशोधकांनीच हा आकडा बराच खाली आणला, आणि वाद अजून मिटलेला नाही. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरातील एक जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, हा २०१० मधील दावा तर २०१२ मध्येच इतर प्रयोगशाळांनी खोडून काढला. मूळ शोधनिबंध मात्र 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकाने २०२५ मध्ये, तोही लेखकांचा विरोध असताना, मागे घेतला.

सर्वांत बोलके उदाहरण मला जॅमचे वाटते. मानसशास्त्रज्ञ शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये दाखवले की, चवीसाठी २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के ग्राहकांनी खरेदी केली, तर ६ प्रकार असताना सुमारे ३० टक्क्यांनी. 'पर्याय जास्त, खरेदी कमी' हे विधान त्यानंतर विक्रीशास्त्राच्या वर्गांत जणू सिद्धांत म्हणून शिकवले गेले. मात्र २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मूळ प्रयोग खोटा नव्हता. ग्राहकाला आपली आवड आधीच ठाऊक असेल, तर पर्यायांच्या गर्दीने तो सहसा गोंधळत नाही, एवढेच. म्हणून बातमी वाचताना, हाच निष्कर्ष दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे मिळाला आहे का, हे आधी पाहावे.