बुग्याल, पण गर्दी नको!

प्रश्न: सप्टेंबर एंडला उत्तराखंडात दयारा बुग्यालला (बुग्याल म्हणजे हिमालयातलं उंचावरचं गवताळ कुरण) जायचंय, दोघंच आहोत, शांतता हवी. टेंट थेट कुरणातच लावला तर चालेल का?

उत्तर: दयारा मस्तच, पण गर्दी टाळायची तर वीकेंड सोडून मधले वार धरा, नाहीतर शेजारचा गिडारा बुग्याल बघा, तो जास्त दमवतो म्हणूनच शांत. कुरणात टेंट मात्र नको हं, २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टानं बुग्यालात रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, त्यामुळे मुक्काम खाली झाडीत, आणि निघायच्या आधी वनखात्याकडे विचारून घ्या. उंचीचा त्रास टाळायला ३००० मीटरच्या वर गेलात की रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, डोकं ठणकायला लागलं तर वर जाणं बंद, थांबत नसेल तर सरळ खाली उतरा, फोटो राहिले तर राहिले.