‘यूज’ आणि ‘यूज अप’ यात फरक काय? ‘अप’ म्हणजे वर ना?

तुम्ही मेलमध्ये ‘आय हॅव यूज्ड माय कॅज्युअल लीव्ह’ लिहिलंत, साहेबांनी त्याचं ‘यूज्ड अप’ केलं, आणि तुम्ही विचारताय की सुट्टी ‘वर’ गेली कुठे?

वर नाही गेली, संपली. ‘यूज’ म्हणजे वापरणं. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं, शिल्लक शून्य. तुमच्या वाक्यावरून दोन रजा घेतल्या की सगळ्या, ते कळत नव्हतं. साहेबांच्या वाक्यावरून खातं रिकामं झालं.

हा फरक मी सोसायटीत हसं करून घेऊन शिकलो. आम्ही भांडुपचे. मुंबईचं पाणी शुद्ध करणारं मोठं केंद्र आमच्याच भांडुपात, पण जूनमध्ये तलावांनी तळ गाठला की पाणीकपात आम्हालाही चुकत नाही. अशाच एका जूनमध्ये १० टक्के कपात लागली आणि नोटीस लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कमिटीत ‘इंग्रजी बरं असलेला’ मीच. मी लिहिलं, ‘काइंडली यूज अप द टँक वॉटर केअरफुली.’ नुसतं ‘यूज’ जरा उघडंबोडकं वाटत होतं, म्हणून ‘अप’ लावला. कागद लिफ्टशेजारी चिकटवला.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अख्खी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, “काय रे, टाकी जपून रिकामी करा म्हणतोयस? ती कशी करायची तेही लिही की खाली.” आणि पर्समधून पेन काढून त्यांनी ‘अप’ खोडला.

मी तुमच्यासारखंच विचारलं, अप म्हणजे वर ना? त्यांनी उलट विचारलं, “‘दूध पिऊन टाक’ म्हणतोस तेव्हा दूध टाकतोस का?”

माझ्यापुरता गुंता तिथेच सुटला. ‘पिऊन टाक’मधल्या ‘टाक’ला फेकण्याशी घेणंदेणं नाही, तो फक्त काम तडीस गेल्याचं सांगतो. ‘ड्रिंक अप’, ‘ईट अप’, ‘यूज अप’मधला ‘अप’ हेच काम करतो. ताडून बघायचं असेल तर वेळ घालून बघा. ‘तासभर पाणी वापरलं’ चालतं, ‘तासभर पाणी वापरून टाकलं’ कानाला खटकतं. तिथे ‘तासाभरात’ हवं. इंग्रजीतही अगदी तसंच. नुसत्या ‘यूज’बरोबर ‘फॉर ॲन अवर’ बसतं, ‘यूज अप’ला ‘इन ॲन अवर’ लागतं.

कधी मूळ दिशाही थोडी उरलेली असते. कागद ‘बर्न अप’ होतो, घर मात्र ‘बर्न डाउन’ होतं. दोन्ही जळून खाकच, पण घर जळता जळता खाली कोसळतं ना, म्हणून डाउन.

आता सगळीकडे ‘टाकणे’ लावत सुटू नका. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणं किंवा हार मानणं. तिथे ‘देऊन टाकणे’ लावलंत तर फसाल. अशी क्रियापदं सरळ पाठच करावी लागतात, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात जड जातं ते हेच, क्रियापदामागे शेपूट लागून अर्थ बदलणं. तेव्हा तुम्ही-आम्ही अडखळलो तर त्यात लाज कसली?

आपल्याकडे तर नको तिथेही ‘अप’ चिकटतो. ‘कोप अप विथ’ मुंबईतल्या निम्म्या मेलमध्ये दिसतं, ते नुसतं ‘कोप विथ’ हवं. माझ्या नोटिशीचाही रोग तोच: ‘अप’ लावला की इंग्रजी भारदस्त वाटतं.

आणखी एक. ‘ते’ म्हणायचं असेल तर ‘इट’ मध्ये घाला, ‘यूज इट अप’. ‘यूज अप इट’ कोणी म्हणत नाही. ‘वॉटर’सारखं नाम मात्र मध्येही चालतं आणि शेवटीही.

बाकी साहेबांनी ‘अप’ घालण्याआधी तुमच्या रजा मोजल्या होत्या का? एखादी जरी उरली असेल तर मेल एचआरकडे जायच्या आत तो ‘अप’ काढून घ्या.