डीजी (डिझेल जनरेटर) मोठा घ्यायच्या आधी आहे तो लोडवर चालवून बघा

तुमचा प्रश्न वाचला. उपनगरातलं मलजल पंपिंग स्टेशन, ७५ किलोवॅटचे तीन पंप, त्यातले दोन चालू आणि एक स्टँडबाय, २५० केव्हीएचा डीजी. लाईट गेली, डीजी सुरू झाला, पहिला पंप लागला आणि दुसरा लावताना सगळंच बसलं. आता साहेब विचारतायत ५०० केव्हीएचा घ्यायचा की सोलर आणि बॅटरी. मी बरीच वर्षं पंपिंगच्या इलेक्ट्रिकल साईडला होते म्हणून सांगते, सध्या दोन्ही घेऊ नका.

आधी हिशोब बघा. ७५ किलोवॅटच्या मोटरला चालताना साधारण १३० अँपिअर लागतात, डायरेक्ट म्हणजे एकदम पूर्ण व्होल्टेजवर स्टार्ट केली तर क्षणभर त्याच्या सहापट म्हणजे ८०० च्या आसपास, आणि तुमच्या डीजीचा फुल लोड करंटच ३४८ अँपिअर. स्टार-डेल्टा (आधी कमी व्होल्टेजवर, मग पूर्ण व्होल्टेजवर नेणारा स्टार्टर) असेल तर सुरुवात बरी होते पण स्टारवरून डेल्टाला जाताना परत झटका बसतो, व्होल्टेज खाली येतं आणि चालू असलेल्या पहिल्या पंपाचा काँटॅक्टर (मोटरची वीज जोडणारा चुंबकी स्विच) पण सोडतो. तुमच्याकडे हेच झालं असणार, नक्की करायचं तर पुढच्या वेळी पॅनेलच्या व्होल्टमीटरसमोर माणूस उभा करा. उपाय म्हणजे मोटरला हळूहळू वेग देणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी (व्हीएफडी घेतलात तर जनरेटरच्या अल्टरनेटरवाल्याला आधी विचारा, हार्मोनिक्सचा म्हणजे विजेची लहर बिघडण्याचा त्रास होतो), दोन पंपांच्या स्टार्टमध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर, आणि काँटॅक्टर धरून ठेवणाऱ्या कंट्रोल सप्लायला छोटा यूपीएस. दोन्ही पंप एकदा चालू झाले की लोड १६० किलोवॅटच्या आसपास, ते २५० केव्हीए आरामात ओढतो. उलट ५०० चा घेतलात आणि रात्री फ्लो कमी असताना एकच पंप चालला तर तो २० टक्के लोडवर कुथत बसेल, इंजिन नीट तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि काही महिन्यांत सायलेन्सरच्या तोंडाशी काळं तेलकट ओघळायला लागतं.

अजून एक, लाईट जाते तेव्हा पाईपातलं पाणी मागे येतं. पाणी मागे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पंप उलटा फिरत असतो, आणि तेवढ्यात डीजी आला आणि स्टार्ट दिला तर मोटर ट्रिप होणारच. लाईट गेल्यावर टॉर्च घेऊन मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगकडे बघा, दिसतं.

आता जे खरं मनापासून सांगायचंय ते. तुम्ही लिहिलंय की डीजीची दर सोमवारी टेस्ट होते, दहा मिनिटं, लोड न देता. आमच्याकडे पण व्हायची, लॉगबुकमध्ये ओळीने ओके ओके. मग जुलैमधल्या एका रात्री भर पावसात लाईट गेली, डीजी पहिल्या सेल्फला लागला, आम्ही खूश, आणि वीस मिनिटांनी आचके देत बंद पडला. फिल्टर उघडला तर आत शेवाळासारखा काळा बुळबुळीत गाळ. टाकीच्या तळाला दमटपणाचं पाणी साचलेलं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतं तिथे जंतू वाढतात त्याचा तो चोथा. रिकाम्या लोडवर इंजिन डिझेल मागतच नाही फारसं, म्हणून सोमवारी कधी कळलं नाही. ऑपरेटर काकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून फिल्टर बदलले, डिझेल लाईनमधली एअर काढली, तोपर्यंत वेट वेल (मलजल जमा होतं ती विहीर) भरून मॅनहोलमधून घाण रस्त्यावर आली होती आणि समोरच्या चाळीत तळमजल्यावर शिरली. सकाळी त्या बायका घर धूत होत्या ते मी बघितलंय. तेव्हापासून महिन्यातून एकदा खऱ्या पंपांवर किमान पाऊण तास चालवल्याशिवाय मी ओके लिहू दिलं नाही.

पिण्याच्या पाण्यावाल्यांना निदान थोडी उसंत असते हो. मुंबईला तानसा-वैतरणा तलावांचं पाणी बरंचसं उतारावर येतं, वर मलबार हिल, भंडारवाड्याच्या टेकडीसारखे जलाशय, म्हणजे टाकीत साठलेलं पाणी हाच त्यांचा बॅकअप. भातसा धरणाचं पाणी मात्र पिसेच्या पंपिंग स्टेशनवर उचलावं लागतं, तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रान्सफॉर्मरला आग लागली तर मुंबईला १५ टक्के पाणीकपात झाली. मलजलाला तेवढी पण सवड नाही. तुमच्या वेट वेलची वापरातली जागा समजा ६० घनमीटर आणि आवक सेकंदाला १०० लिटर, तर दहा मिनिटं, बस्स. त्यात भरती असेल तर पाणी समुद्राकडे आपोआप जायचा प्रश्नच नाही. म्हणून स्वतःचा हा आकडा काढून पॅनेलवर मोठ्या अक्षरात चिकटवा.

दोन फीडर (वीज आणणाऱ्या लाईन) आहेत म्हणून निर्धास्त आहात असं वाटलं. ते दोन्ही शेवटी कुठल्या सबस्टेशनवरून येतात ते विचारलंय का? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईचं ग्रिडच गेलं, लोकल जागच्या जागी थांबल्या, तिथे दुसरा फीडर काय कामाचा.

आणि पाणी. १८ जुलै २०२१ ला पावसाचं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शिरलं आणि तिथली विद्युत यंत्रणा बंद करावी लागली, पॅनेलच पाण्यात असेल तर कितीही मोठा डीजी असून उपयोग नाही. तुमचा डीजी चौथऱ्यावर आहे लिहिलंय, छान, पण केबल ट्रेंच (केबल टाकलेला चर) बघा. पाणी दारातून नाही, ट्रेंचमधून येतं. डीजीची बॅटरी कुठे ठेवलीय तेही बघा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट पांढरी भुकटी धरते आणि सेल्फ मारताना २४ व्होल्टचे १८ च्या खाली जातात.

डिझेलचं, एका लिटरला साधारण साडेतीन युनिट धरा, म्हणजे दोन पंपांना तासाला ४५ च्या आसपास लिटर. तुमची ९९० लिटरची टाकी भरलेली असेल तर वीसेक तास, पण तुमच्या फोटोत काटा पाव टाकीवर आहे, म्हणजे पाच तास, आणि रस्ते तुंबलेले असताना टँकर येत नाही. जून ते सप्टेंबर अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, तळाचं पाणी महिन्याला ड्रेन करा.

सोलर वीजबिलासाठी जरूर लावा, पण साधा ऑनग्रिड (ग्रिडला जोडलेला) इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःच बंद होतो, शिवाय जुलैच्या रात्री काय. बॅटरीवर दोन पंप चार तास चालवायचे तर साडेसहाशेच्या आसपास युनिट साठवायला लागतील, त्याचं कोटेशन मागवा, साहेबांना आकडाच दाखवा.

या शनिवारी पहाटे आवक कमी असताना मेन ब्रेकर स्वतः पाडा, ऑपरेटरना आधी सांगून, आणि घड्याळ लावा. डीजीला किती सेकंद लागले, दुसरा पंप घेताना व्होल्टेज किती पडलं, वेट वेल किती चढलं, एवढं इथे टाका. स्टार्टरच्या नेमप्लेटचा फोटो पण टाका, मग सेटिंग बघूया.