वहीत उजेड लिही

चि. बाळ,

तुझा ग्राफ पाहिला. त्याच ई. कोलाय जिवाणूंना तेवढेच सेकंद यूव्ही (अतिनील किरण) दिलं, तरी मंगळवारी प्लेटवर तीसेक कॉलन्या आणि गुरुवारी मोजता येऊ नयेत इतक्या! गाईड म्हणतात गुरुवारचं वगळ, आणि तू मला विचारतेस, वगळू का? गुरुवारी ट्यूबलाइट चालू होती का, ते आधी सांग. वहीत वेळ आहे, तापमान आहे, मीडियाचा बॅच नंबरसुद्धा आहे. उजेड कुठे आहे?

अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट केल्नर या शास्त्रज्ञाची हीच रड होती. यूव्ही दिलेले स्ट्रेप्टोमायसीस या मातीतल्या जिवाणूचे बीजाणू कधी भरपूर जगायचे, कधी जवळपास नाहीच. त्यालाही आधी तापमानाचाच संशय. निघाला खिडकीतला उजेड. १९४९ साली त्याने ते छापलं.

यूव्हीने डीएनएतली शेजारची दोन थायमिन (डीएनएची 'टी' अक्षरं) एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज हे प्रथिन अंधारातही ती जागा शोधून तिथे बसतं, पण बसूनच राहतं. निळा उजेड पडला की त्यातला फ्लेविन नावाचा रेणू एक इलेक्ट्रॉन देतो, जोडी सुटते, डीएनए दुरुस्त होतो, इलेक्ट्रॉन परत येतो. (इतकी चोख उधारी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.) तुझ्या ई. कोलायकडे हे प्रथिन आहे, तुझ्या-माझ्याकडे नाही. म्हणून म्हणते, उजेड लिही.

माझ्या एम.एस्सी.ला अशाच सात प्लेट होत्या, खिडकीशी ठेवलेल्या. सर म्हणाले टाक, मी टाकल्या. ग्राफ सुरेख आला, फर्स्ट क्लासही आला. केल्नर तेव्हा लायब्ररीत धूळ खात होता, मी उघडला नव्हता. पुढे तीस वर्षं मुलांना 'उजेड लिहा' म्हणून इतकं छळलं की 'ट्यूबलाइटबाई' नाव पडलं. एकदा एका मुलीचं जर्नल तेवढ्यासाठी तीनदा परत केलं, ती रडली. घरचे अजून म्हणतात, अति केलंस. मला नाही वाटत. बरं, तिने चौथ्यांदा लिहिलं.

तुझ्याकडे उजेडच कारण असेल असं नाही. डायल्युशन चुकलं असेल तर तेही लिही, लाज कसली? पण न बघता वगळायचं नाही. या शनिवारी पिवळ्या बल्बच्या उजेडात काम कर. यूव्ही झालं की अर्ध्या प्लेट लगेच फॉइलमध्ये गुंडाळ, अर्ध्या तासभर ट्यूबलाइटखाली ठेव. मग सगळ्या एकाच इन्क्युबेटरमध्ये, अंधारात.

आकडे कसेही आले तरी पाठव. आणि गुरुवारच्या प्लेट अजून फ्रिजमध्ये असतील तर राहू देत तिथेच.

तुझी,
बाई