हिरवा दिवा लागला नाही तर

विमान उतरवताना चाकं (गिअर) खाली येऊन लॉक झाली की कॉकपिटमध्ये तीन हिरवे दिवे लागतात. त्यांतला एक लागला नाही, तर उतरायचा हट्ट सोड आणि पुन्हा सुरक्षित उंची गाठ. इंधन आहे तोवर घाई कसली? आधी बल्ब तपास. नॅव्हिगेशन लाइट (विमानाच्या बाहेरचे, पंखांच्या टोकांवरचे दिवे) चालू असले की काही विमानांत हे हिरवे दिवे इतके मंद होतात की भर दिवसा दिसतच नाहीत! मग सर्किट ब्रेकर, मग चेकलिस्टप्रमाणे आपत्कालीन पद्धतीने गिअर खाली. टॉवरवरून चाकं दिसतील, पण ती लॉक झालीत का, हे तिथून कळत नाही.

चाकं खाली नाहीच आली, तर माझ्या मते गवतापेक्षा पक्की धावपट्टी बरी. प्रॉपेलर वाचवायला हवेतच इंजिन बंद करू नकोस. चेकलिस्टमध्ये असेल तर टेकण्याआधी दाराची कडी काढ, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार अडकायचं नाही.