"काही झालं नसेल ना?" हे ग्रुपवर विचारावं का

प्रश्न : ताई नमस्कार, मी मिरजेचा, वय 27, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून कामाला आहे. रोज गाडीवरनं जाणं-येणं. दोन वर्षं झाली, खड्ड्यात गाडी आदळली की वाटतं आपण कुणाला तरी उडवलं, मग मागं वळायचं, रस्ता बघायचा, परत निघायचं, परत वळायचं, एकदा तर विश्रामबागपासून चार वेळा माघारी गेलो आणि दुकानात पोचलो तेव्हा सौदे उरकले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात अपघाताच्या बातम्या शोधायच्या. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले गाडी हळू चालव. मग मोबाईलवर ओसीडीवाल्यांचा (म्हणजे नको ते विचार सारखे येतात आणि ते शमवायला तेच तेच करत राहावं लागतं असा आजार असलेल्यांचा) एक ग्रुप सापडला, तिथं अगदी असंच होणारी तीन माणसं भेटली, त्या रात्री खरं सांगतो रडलो. पण आता रोज रात्री मी तिथं लिहितो की आज अमुक ठिकाणी असं झालं, कुणाला लागलं नसेल ना, ते म्हणतात काही नाही रे, ओसीडी आहे ते, मग झोप लागते. हल्ली मात्र एकाच्या उत्तरानं भागत नाही. त्यात एकीनं लिहिलं होतं की तिला भाच्याला इजा करायचे विचार येतात, तर आठवड्याभरात मलाही आमच्या ताईचं बाळ उचलायची भीती वाटायला लागली. आई म्हणते तो मोबाईल कृष्णेत टाक. ग्रुप सोडू का? आणि परवा कोल्हापूरहून येताना अंकलीच्या पुलावर काहीतरी लागल्यासारखं वाटलं, काही झालं नसेल ना ताई?
– मिरज (नाव छापू नये)

उत्तर : लगेच सोडू नका. पण आईंचं म्हणणं सगळंच उडवून लावण्यासारखंही नाही.

आधी ग्रुपचं श्रेय ग्रुपला देऊ. आपल्याकडं जुन्या माणसांकडं या आजाराला मंत्रचळ असा शब्द आहे, पण तो सोवळं-ओवळं करणाऱ्या, दिवसभर हात धुणाऱ्या आजींसाठी राखून ठेवलाय, रस्ता तपासत फिरणाऱ्या दिवाणजीला बघून तो कुणाच्या डोक्यात येत नाही. वास्तविक 100 माणसांत साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी ओसीडी होतो आणि "आपण गाडीनं कुणाला उडवलं" ही त्यातली चांगली ओळखीची तऱ्हा आहे, पण लोक लाजेपायी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मिरजेत तर डॉक्टरांच्या दारात चप्पल दिसली तरी संध्याकाळपर्यंत घरी कळतं. अशा ठिकाणी नाव न सांगता बोलता येणं ही लहान गोष्ट नाही, तुमच्या आजाराला नाव तुम्हाला त्या ग्रुपनंच दिलं.

घोळ झाला तो पुढं. गजकर्ण खाजवलं की किती बरं वाटतं, आणि तेवढंच ते पसरतं, तसंच या शंकेचं आहे. शंका आली, खात्री करून घेतली, जीव भांड्यात पडला, आणि मेंदू शिकला की खात्री केली म्हणूनच वाचलो, म्हणजे पुढच्या वेळी शंका आणखी जोरात. आधी तुम्ही गाडी वळवत होता, आता अंगठा फिरवताय, काम तेच. आणि शंका वकिलासारखी असते, ती म्हणणारच की ग्रुपवाले काय पुलावर होते का, त्यांना काय माहीत? म्हणून एकाच्या उत्तरानं भागत नाही, पाच लागतात, उद्या दहा लागतील. उत्तर देणारेही वाईट नाहीत हो, त्यांतल्या काहींना तर "मी चुकीचं सांगितलं आणि याचं काही बरंवाईट झालं तर" या भीतीनं उत्तर दिल्याशिवाय झोप येत नसेल, म्हणजे एकाचं खाजवणं दुसऱ्याला चालू.

यावरचा उपचार नेमका उलट्या दिशेचा आहे. 1966 साली व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं लंडनमधल्या कामावरून दाखवलं की भीती वाटू द्यायची आणि नेहमीची कृती करायची नाही, तर हळूहळू सुटका होते. त्यातनंच आजची ईआरपी थेरपी आली. तुमच्या बाबतीत म्हणजे खड्डा लागला, धस्स झालं, तरी गाडी पुढंच न्यायची, दुकानात जाऊन हळदीच्या पट्ट्या लिहायला बसायचं, पोटात कालवत असतानाच. बोलायला सोपं, करायला महाकठीण, त्यामुळे पायरीपायरीनं आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीत.

आता ग्रुप इथं उपयोगी पडू शकतो का, तर हो, आणि हे मी मनाचं सांगत नाही. 1981 साली अमेरिकेत फिलाडेल्फियात ओसीडीवाल्यांचा 'गोल' (इंग्रजीतला goal, म्हणजे ध्येय) नावाचा एक गट सुरू झाला, जोनाथन ग्रेसन हे मानसशास्त्रज्ञ त्यात होते. तिथं प्रत्येकानं पुढच्या बैठकीपर्यंत आपण काय करणार ते ठरवायचं आणि परत आल्यावर केलं का नाही ते सांगायचं, एवढा साधा बेत. तुमच्या ग्रुपवर एकदाच असं टाकून बघा : "मी रस्त्याबद्दल विचारलं तर मला उत्तर देऊ नका, आज किती वेळा वळलो तेवढं विचारा." ज्यांना कळेल ते साथ देतील. हे टाकूनही लोक "अरे काही नाही झालं" करत राहिले, तर मात्र बाहेर पडा, आईंना सांगा तुम्ही जिंकलात. (कृष्णेत मोबाईल टाकायची गरज नाही, पूर आला की ती बरंच काही परत आणून टाकते.)

बाळाचं. ग्रुपवर वाचून आजार लागत नाही, पण ओसीडीला आयतं सामान मिळतं, आणि त्याला बोट ठेवायला जिव्हाळ्याचीच जागा लागते. इतरांच्या विचारांची सविस्तर वर्णनं सध्या वाचू नका, रात्री तर नकोच. बाळाला टाळत राहिलात तर तेही वळून रस्ता बघण्यासारखंच होईल, म्हणून हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. लाजू नका, त्यांनी असं पुष्कळ ऐकलेलं असतं.

गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण अशा ग्रुपांवर तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही, सोडली" म्हणणारा एकतरी असतोच. ओसीडीत या गोळ्यांना परिणाम दाखवायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, आणि डोस बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो, तेव्हा दुसऱ्याचा डोस बघून आपला ठरवणं किंवा मधेच बंद करणं हा शुद्ध वेडेपणा (माझ्या धंद्यात हा शब्द वापरू नये, पण राहवलं नाही).

मिरजेतच सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढा, आणि ईआरपी कोण करतं हे नाव घेऊन विचारा, कारण नुसत्या गप्पांचं समुपदेशन याला पुरत नाही. सरकारची टेलिमानस ही 14416 नंबरची हेल्पलाईन 24 तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर ग्रुपवर लिहित बसू नका, तिथं फोन लावा. पण रोज रात्री पुलाची चौकशी करायला नको हं, नाहीतर ग्रुप सुटेल आणि हेल्पलाईन लागेल. आणि जमलं तर बाबांनाही एकदा डॉक्टरांकडं न्या, म्हणजे "गाडी हळू चालव" सोडून दुसरं काय म्हणायचं ते त्यांना कळेल.

अंकलीच्या पुलाबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. दोनदा वाचलं मी. त्याचं उत्तर देणार नाही. राग आला तर येऊ दे, पुढचा आठवडा कसा गेला, किती वेळा वळलात, हे लिहून पाठवा.