आजी विरोधात आहे का?

प्रिय सोनू,

टोरांटोच्या प्राइडमधला, म्हणजे समलिंगी लोकांच्या मिरवणुकीतला, फोटो तू आजीला पाठवलास आणि तिचं उत्तर आलं, "छान दिसतेस गं. पण हे रस्त्यावर येऊन कशाला सांगायचं?" तेव्हापासून विचारतेयस, मराठी माणसं समलिंगी लोकांच्या विरोधात असतात का?

आजीच्या पिढीत चार लोकांत चर्चा न होणं म्हणजे अब्रू. घटस्फोट, कर्ज, क्षय, सगळंच झाकून ठेवायचं. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक मास्तर आणि त्यांचे मित्र राहायचे. कुणी कधी काही विचारलं नाही. गौरी जेवायच्या दिवशी आजी दोघांनाही बोलवायची, पानं शेजारीशेजारी मांडायची. लग्नाच्या पत्रिकेवर मात्र मास्तरांचं एकट्याचं नाव. ते आजारी पडले तेव्हा ऑपरेशनच्या कागदावर सही करायला नगरहून पुतण्या आला. मित्र बाहेर बाकावर, हातात चहाचा थर्मास. त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही, हेच मला जास्त खुपतं.

पुण्यात पहिली प्राइड निघाली २०११ च्या डिसेंबरात, समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टच्या पुढाकारानं. तेव्हा संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाचा आधार होता. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा मानेवर आलं. ते संमतीच्या संबंधांपुरतं सुटलं ६ सप्टेंबर २०१८ ला. पेपरात फोटो आला तर नोकरी जाईल, घरमालक खोली सोडायला सांगेल, अशा काळात त्या लोकांनी भर रस्त्यात चालणं म्हणजे केवढी छाती! तुझ्या टोरांटोत बँकांचे ट्रक मिरवतात, फुकट टोप्या वाटतात. तुम्हाला ती जत्रा वाटते, वाटू दे. मला त्या बँकांचं फारसं कौतुक नाही, एवढंच.

आजीच्या 'कशाला'चं उत्तर त्या सहीत आहे. न बोलता पंगतीत पान मिळतं, सहीचा हक्क नाही मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं, म्हणजे भारतात तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

तर आजी विरोधात नाही. तिच्याशी वाद घालू नकोस, रविवारी फोन करून मास्तरांच्या मित्राचं पुढे काय झालं ते विचार. मला तिनं कधी सांगितलं नाही, तुला कदाचित सांगेल.

तुझी,
आई